पाळी आणि पोट



गिरणीच्या गावात ‘पाळी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भोंगा होतो, एक पाळी सुटते, दुसरी आत जाते. हा अर्थ चव्हाट्यावरचा. दुसरा अर्थ बायका आपापसांत, आवाज खाली घेऊन बोलतात. १९९८ साली एका सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यातील काही बाया युनियनच्या कचेरीत आल्या. मागणीपत्रक तयार होत होते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “भाऊ, पाळीत पोट बिघडतं. दोनदोन, तीनतीनदा जावं लागतं. एका बिल्ल्यावर भागत नाही.” मी कागदावरून मान वर न करता विचारले, “कोणत्या पाळीत? पहिल्या की दुसऱ्या?”

मागे उभ्या असलेल्या पोरींनी पदर तोंडाला लावला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्या पाळीत, भाऊ.”

बिल्ल्याची गोष्ट अशी, की खात्याच्या दाराशी खिळ्याला पितळेचा एक बिल्ला टांगलेला असे. संडासला जाणाराने तो घेऊन जावयाचे. तो परत खिळ्यावर आल्याशिवाय दुसरीने जागा सोडावयाची नाही. चाळीस-बेचाळीस बाया आणि एक बिल्ला. बायांची मागणी दोन ओळींची होती : बिल्ला बंद करा आणि दुसरा संडास बांधा. मी ती लिहून घेतली, आणि वाटाघाटींच्या आदल्या रात्री खोडून टाकली. बोनसचा प्रश्न मोठा होता, मालकपक्ष हसण्यावारी नेईल अशी मला भीती होती, आणि खरे सांगावयाचे तर टेबलावर तो शब्द उच्चारण्याची मलाच लाज वाटत होती.

पाळीच्या दिवसांत पोट का बिघडते, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरकीचा माझा अधिकार नाही. परंतु या दुखण्याला एक इतिहास आहे. तो जितका वैद्यकाचा आहे तितकाच कामगारांचा आहे, आणि म्हणून तो मांडण्याचे धाडस मी करीत आहे.

आपल्याकडचे सर्वांत जुने टिपण चरकसंहितेत सापडते. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात स्त्रियांचे वीस विकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव उदावर्तिनी. खाली जाणारा अपानवायू उलटा वर फिरतो, स्राव कष्टाने होतो, वेदना होतात आणि स्राव मोकळा झाला की बरे वाटते, असे त्याचे वर्णन आहे. हा अपानवायू कशाकशाचा कारभारी? मलाचा, मूत्राचा, अधोवायूचा, आणि रजःस्रावाचाही. म्हणजे पाळी आणि कोठा ही एकाच घरातली भावंडे आहेत, ही जाणीव त्या काळच्या वैद्याला होती. वायू उलटा का फिरतो, याचे कारणही दिले आहे. नैसर्गिक वेग अडविल्यामुळे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. न अडविण्याचे वेग तेरा. त्यांत पहिले दोन मूत्राचा आणि मलाचा. हे वाचताना मला तो खिळ्यावरचा बिल्ला आठवला नसता तर नवल.

यावरून ‘सर्व काही आमच्या पूर्वजांना ठाऊक होते’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. वायू उलटा फिरतो ही एक कल्पना होती. ती तपासून पाहण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. शिवाय वैद्याने अपानवायूचा विचार केला, तरी घरातल्या चालीरीतींनी तिला ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूलाच बसविले.

ग्रीक लोकांची कल्पना तर याहून विचित्र होती. हिपोक्रेटिसच्या नावावर जे लेखन चालते, त्यात गर्भाशय शरीरात हिंडते असे मानले आहे. ते वर सरकले की जीव घुसमटतो, उलटीची भावना होते, म्हणून नाकाशी दुर्गंधी आणि खाली सुगंध धरून त्याला जागेवर बोलवावयाचे. गेलेन या वैद्याने दुसऱ्या शतकात, ते जनावरासारखे हिंडत नाही, असे सांगितले. पण कल्पना काही मेली नाही. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला, आणि स्त्रीचे पोट दुखले तर मूळ तिच्या डोक्यात शोधावे, ही खोड त्या शब्दाबरोबर विसाव्या शतकापर्यंत टिकली.

आता मी अमेरिकेत जातो, कारण तिथे एक मोठा खटला उभा राहिला. न्यायालयात नव्हे, पुस्तकांत. १८७३ साली बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिले. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते पूर्वी प्राध्यापक होते, त्यामुळे शब्दाला वजन होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शरीराची शक्ती मर्यादित आहे. मुलीने पाळीच्या दिवसांतही मुलांसारखा अभ्यास केला तर ती शक्ती मेंदूकडे जाते आणि प्रजननाची इंद्रिये उपाशी राहतात. म्हणून मुलींचे शिक्षण मुलांसारखे नसावे. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच काळात त्याच प्रांतातल्या कापडगिरण्यांत हजारो मुली दिवसाचे दहादहा तास उभ्या राहून काम करीत होत्या. त्यांच्या प्रजननशक्तीची काळजी वाहणारे पुस्तक काही इतके गाजले नाही. वाचनालयात बसणाऱ्या मुलीला विश्रांती हवी, मागापाशी उभी असलेल्या मुलीला नको, असा या शास्त्राचा हिशेब होता.

त्याला उत्तर दिले मेरी पुटनम जेकोबी या स्त्री-डॉक्टरने. हार्वर्डचे बॉयल्स्टन पारितोषिक १८७६ साली याच विषयासाठी ठेवले होते : पाळीच्या काळात स्त्रियांना विश्रांतीची आवश्यकता आहे काय? निबंध नाव न घालता पाठवावयाचे असत. जेकोबीबाईंनी वादविवाद केला नाही. त्यांनी माहिती गोळा केली. हजार प्रश्नपत्रिका छापून वाटल्या. २६८ स्त्रियांची उत्तरे आली. दुखते काय, किती, कधीपासून, दिवसाकाठी किती चालता, खाणे कसे, असे त्यांचे प्रश्न होते. शिवाय नाडीचा आलेख काढणारे यंत्र आणि हाताची ताकद मोजणारे यंत्र वापरून महिनाभराची मोजमापे घेतली. पारितोषिक त्यांना मिळाले; ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा निष्कर्ष असा, की जिचे पोषण नीट आहे अशा स्त्रीला पाळीसाठी म्हणून विश्रांतीची गरज आहे असे निसर्गात काही नाही.

या निष्कर्षातला ‘जिचे पोषण नीट आहे’ हा भाग पुष्कळ लोक वाचताना गाळतात. मी युनियनवाला असल्यामुळे माझी नजर तेथेच थांबली.

आपल्याशीही या बाईंचा एक धागा जुळतो. फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून जेकोबीबाई १८६४ साली डॉक्टर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

पुढच्या पिढीत क्लेलिया मोशर या डॉक्टरबाईंनी शेकडो स्त्रियांच्या पाळीच्या नोंदी महिनोन् महिने ठेवल्या आणि पोटाभोवती आवळून बांधलेले कपडे, बैठे जीवन आणि ‘दुखणारच’ ही लहानपणापासूनची शिकवण यांवर बोट ठेवले. पोटाने श्वास घेण्याचा एक व्यायामही त्यांनी सांगितला. पण दुखणे नेमके कशाने उद्भवते, हे त्यांनाही सांगता आले नाही.

ते शोधता शोधता युरोपातले शास्त्रज्ञ कुठे जाऊन पोहोचले, हे ऐकून आपल्या आज्या सुखावतील. बेला शिक हे व्हिएन्नाचे नामांकित डॉक्टर. घटसर्पाची त्यांची चाचणी जगभर वापरली गेली. १९२० साली त्यांनी लिहिले, की पाळीत असलेल्या मोलकरणीने हाताळलेली फुले कोमेजून गेली; म्हणजे तिच्या शरीरातून एक विष बाहेर पडत असले पाहिजे. त्यांनी त्याला ‘मेनोटॉक्सिन’ असे नावही दिले. आपल्याकडे लोणचे नासते, व्हिएन्नात गुलाब कोमेजतो! फरक एवढाच, की आपला विटाळ सोवळ्यात होता आणि त्यांचा प्रयोगशाळेत. त्या विषाच्या मागे पुढे कित्येक वर्षे संशोधक लागले होते. विष काही सापडले नाही.

सापडले ते दुसरेच. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये कुर्झरॉक आणि लीब यांना असे आढळले, की पुरुषाच्या वीर्यातील कशाने तरी गर्भाशयाचा स्नायू आखडतो किंवा सैल पडतो. स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी १९३५ साली त्या द्रव्याला प्रोस्टाग्लॅंडिन हे नाव दिले. प्रोस्टेट ग्रंथीतून ते येत असावे असा त्यांचा समज होता. समज चुकीचा ठरला, नाव राहिले. नंतर १९५७ साली व्ही. आर. पिकल्स या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने पाळीचा स्राव तपासला. ज्याला जग शिवत नव्हते तो द्रव त्याने प्रयोगशाळेत घेतला आणि त्यात अनैच्छिक स्नायूंना आखडविणारे द्रव्य आहे असे दाखविले. १९६० च्या दशकात उलगडा झाला, की ते प्रोस्टाग्लॅंडिनच, आणि ज्या स्त्रियांना पाळीत फार दुखते त्यांच्यात ते अधिक असते. हजारो वर्षे ज्याला विष म्हटले, ते असे निघाले.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो. महिन्याच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचा रस वाढलेला असतो. तो स्नायूंना सैल करतो. म्हणून पाळी येण्यापूर्वी अनेकींचे पोट गच्च होते, गुबारा धरतो, कोठा साफ होत नाही. गर्भ राहिला नाही तर हा रस एकदम उतरतो. मग गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन तयार होते, स्नायू पिळून अस्तर बाहेर काढतो, आणि त्या पिळवटण्यात स्नायूचाच रक्तपुरवठा तुटपुंजा होऊन कळा येतात. आतड्याची भिंतदेखील त्याच जातीच्या स्नायूची. आतडे गर्भाशयाला खेटून असते. प्रोस्टाग्लॅंडिन जास्त झाले की ते शेजारी आणि रक्तातही जाते. आतडे जोराने ढकलू लागते, आतड्यात पाणी सुटते, मुरडा येतो, ढाळ होतात; कोणाला मळमळते, कोणाला उलटी होते. ‘आमच्या पाळीत, भाऊ’ या तीन शब्दांचा शास्त्रार्थ तो हा.

कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ साली १५६ निरोगी स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. शेकडा ७३ स्त्रियांना पाळीपूर्वी किंवा पाळीत पोटाची काही ना काही तक्रार होती. पाळीच्या दिवसांत जुलाब होणाऱ्या शेकडा २८. या सर्व निरोगी स्त्रिया, हे विसरू नका. वाइंडिंग खात्यातल्या चाळिसांना हे प्रमाण लावले, तर अकराजणींना बिल्ल्याचा आधार नव्हता, बिल्ल्याची शिक्षा होती.

औषधाचा शोधही याच वाटेने लागला. ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले, की ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन तयारच होऊ देत नाहीत. १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना, तसेच स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांना मिळून देण्यात आले. म्हणूनच आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या पाळीच्या कळांवर चालतात, आणि पुष्कळ स्त्रियांचे ढाळही त्यांनी कमी होतात. पण निसर्गाने यात एक मेख मारून ठेवली आहे. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारेही प्रोस्टाग्लॅंडिनच. उपाशीपोटी गोळ्या घेत राहिले, की खालचे पोट शांत होते आणि वरचे जळू लागते, जखमाही होतात. मेफेनॅमिक ॲसिडच्या एका दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणामाबद्दल भारताच्या औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरात इशाराही दिला. ओव्याचा काढा आणि शेक यांना आमच्या माताभगिनींनी उगाच धरून ठेवले नव्हते. निदान शेकाने कळ कमी होते, हे आता चाचण्यांनीही मान्य केले आहे. आणि दर महिन्याला अंथरूण धरावे लागत असेल, शौचाच्या वेळी जीव जात असेल, तर तो गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह बाहेर, आतड्यावर वाढण्याचा आजार असू शकतो. एंडोमेट्रिओसिस हे त्याचे नाव. ‘आतड्याचा आजार’, ‘मनाचा आजार’ असे म्हणत वर्षानुवर्षे त्याच्यावरून हात फिरविला जातो. तेथे काढा पुरत नाही, डॉक्टर गाठावा.

आता कामगारांच्या इतिहासाकडे येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन मागण्या मांडल्या : आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, कामाच्या तासांना मर्यादा, जखमी झाल्यास मदत. १८९० च्या एप्रिलातल्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आणि दीड तासाची विश्रांती आली. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने स्त्रियांसाठी वेगळे, पुरेसे संडास बांधणे मालकावर बंधनकारक केले. म्हणजे मी १९९८ साली जी मागणी खोडली ती भीक नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा होता. मला कलम पाठ होते. वाटाघाटींत मी ते उच्चारले नाही.

इतरत्र बायांनी ही गोष्ट स्वतःच पुढे रेटली. १९२० च्या दशकाच्या शेवटी टोकियोच्या बसगाड्यांवरील स्त्री-कंडक्टरांनी पाळीच्या रजेची मागणी केली. दिवसभर गाडीत उभे राहावयाचे आणि वाटेत शौचालय नाही, हे तिचे साधे कारण. १९४७ च्या जपानी कामगार कायद्यात ही रजा आली. पगार द्यावाच असे मात्र कायदा म्हणत नाही. १९६५ च्या सुमारास शंभरातल्या सव्वीसजणी ती घेत. अलीकडच्या सरकारी पाहणीत शंभरात एकही पुरती भरत नाही. पुरुष वरिष्ठापुढे अर्ज ठेवावयाचा म्हणजे काय, हे माझ्या मानेला ठाऊक आहे. आपल्या देशात बिहारच्या सरकारी नोकरस्त्रियांना १९९२ साली महिन्याला दोन दिवसांची रजा मिळाली, तीही कर्मचाऱ्यांच्या संपानंतर. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने २०२५ साली वर्षाला बारा दिवसांची पगारी रजा मान्य केली. रजेमुळे मालक बायकांना कामच देणार नाहीत, अशी शंका काही भगिनी घेतात. ती शंका खोटी नाही. बाळंतपणाच्या रजेच्या वेळीही हेच म्हटले गेले होते, आणि काही मालकांनी तसे केलेही.

मराठवाड्यातल्या ऊसतोडणी कामगार बायांना रजा नाही आणि बिल्लाही नाही. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा पडला तर दंड त्या उचलीत चढतो. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत ढाळ लागले तर उसाच्या पात्यांत बसावयाचे. पोट दुखते म्हणून गेल्यावर ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला मिळतो. २०१९ साली हा प्रकार उघडकीस आल्यावर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची तपासणी झाली. १३ हजारांहून अधिकींची पिशवी काढलेली होती, कित्येकींची चाळिशीच्या आत. गर्भाशय काढले की पाळी थांबते हे खरे. पण बीजकोश गेले तर हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, ऊस उचलवत नाही. आणि पोटाचे मूळ आतड्यात असेल तर ते तसेच राहते. शस्त्रक्रियेचे कर्ज पुन्हा उचलीतच.

आमच्या सूतगिरणीत २००४ च्या करारात बिल्ला गेला आणि २००५ साली दुसरा संडास झाला. ते कलम या वेळी खात्यातल्या बायांनी स्वतः टेबलावर वाचून दाखविले. मालकपक्षातले कोणीही हसले नाही. पावणेसात मिनिटांत ते मान्य झाले. घड्याळ माझ्यासमोर होते. त्या वडीलधाऱ्या बाई तोपर्यंत कामावरून कमी होऊन गावी गेल्या होत्या. मी त्यांना पत्र घातले. उत्तर त्यांच्या नातीच्या अक्षरात आले. त्यात पावसाची आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या अडकलेल्या पैशांची चौकशी होती. ते पैसे मात्र मी त्याच महिन्यात काढून दिले.